हात टेकला की पान पळतं: टॅबवर पेन आणि बोटं एकत्र कशी वापरायची

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दहावीला गणित शिकवता. टॅबवर पेनानं लिहिताना तळहात टेकला की पान सरकतं, मधूनच आपोआप झूम होतं, कडेला बारीक ठिपके आणि रेघा उमटतात. टच बंद केला तर लिहिणं सुधारतं, पण मग पान वर घेता येत नाही आणि आकृती मोठी करून दाखवता येत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय, "पेन आणि टच दोन्ही एकदम नीट चालतील असा टॅब कोणता?"

नवा टॅब घ्यायच्या आधी अर्धा तास सेटिंग्जमध्ये घालवा, असं माझं मत आहे. पेन आणि टच दोन्ही चालू आहेत हे त्रासाचं कारण नाही. बोटानं काय करायचं आणि पेनानं काय करायचं हे ॲपला कुणी सांगितलेलं नाही, ते कारण. बहुतेक ॲपमध्ये सुरुवातीला दोघांनाही लिहिण्याची मुभा असते, आणि तळहात म्हणजे ॲपच्या लेखी एक मोठं बोटच.

वहीवर लिहिताना काय होतं ते बघा. उजव्या हातात पेन असतं. डावा हात वही धरतो, थोडी तिरकी करतो, ओळी खाली गेल्या की वही वर सरकवतो. उजवा तळहात कागदावर टेकलेला असतो, पण त्याला काही काम नसतं. ही वाटणी आपण कुणी शिकवल्याशिवाय करतो. ईव्ह गियार या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली ती नीट मांडली: दुय्यम हात आधी जागा ठरवून देतो आणि मुख्य हात त्या जागेत बारीक काम करतो. २०१० साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या केन हिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेबलासारख्या आडव्या स्पर्शपडद्यावर तीच वाटणी आणली. पेन लिहिणार, बोटं वस्तू हलवणार, आणि दोन्ही एकदम आली तर तिसरंच हत्यार तयार होणार. बोटानं फोटो दाबून धरायचा आणि त्यावरून पेन ओढायचं, की त्याची प्रत निघते. फोटोच्या आरपार पेन ओढलं की तो कापला जातो. आजच्या ॲपमध्ये याचा थोडासाच भाग आलाय, पण तुमच्या वर्गाला तेवढा पुरतो.

आता पेनाकडे. तुम्ही पेनाचं नाव दिलेलं नाही आणि उत्तराला इथेच फाटे फुटतात. बाजारात 'टॅबचं पेन' म्हणून तीन जातीच्या वस्तू मिळतात.

पहिली, रबरी किंवा जाळीदार टोकाची काडी. तिच्यात काहीही नसतं. टॅबला ती बोटच वाटते.

दुसरी जास्त फसवी. बारीक टोक, आत बॅटरी, चार्जिंगची सोय, आणि खोक्यावर 'युनिव्हर्सल, सगळ्या स्क्रीनवर चालतं' असं छापलेलं. हीसुद्धा टॅबला बोटच वाटते. बॅटरी फक्त एवढ्या बारीक टोकाला बोटासारखं भासवण्यासाठी असते. सगळीकडे चालतं याचा अर्थच असा की कुठलाही टॅब तिला पेन म्हणून ओळखत नाही. या दोन्ही जातींत पेन आणि तळहात यांत फरक करायला टॅबकडे काहीच नसतं. सेटिंग्ज कितीही बदला, उपयोग होणार नाही.

तिसरी जात खऱ्या पेनांची. तिच्यातही दोन घराणी आहेत. एक वॅकॉम या कंपनीचं ईएमआर नावाचं तंत्र, जे सॅमसंगच्या एस पेनमध्ये असतं. पडद्यामागे तारांची वेगळी जाळी असते, ती पेनातल्या वेटोळ्याला लांबूनच ऊर्जा देते, म्हणून लिहिण्यासाठी पेनात बॅटरी लागत नाही. बोटं ओळखणारा थर निराळा आणि पेन ओळखणारा निराळा. दुसऱ्या घराण्यात ॲपल पेन्सिल, आणि एमपीपी (मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबचं), एईएस (वॅकॉमचंच) आणि यूएसआय या नावांच्या तंत्रांवरची पेनं येतात. पेनात बॅटरी असते, टोकातून संकेत निघतो, आणि बोटं ओळखणारी जी जाळी आहे तीच पाळीपाळीनं हा संकेतही ऐकते. दोन्ही घराण्यांत टॅबला नक्की कळतं की हे पेन आणि हे बोट. आयपॅडसाठी दुसऱ्या कंपन्यांची जी स्वस्त पेनं मिळतात ती २०१८ पासूनच्या आयपॅडवर पेन म्हणूनच ओळखली जातात आणि तळहातही गाळला जातो, म्हणजे त्याचा स्पर्श मोजला जात नाही. फक्त दाब कमीजास्त केल्यानं रेघ जाड-बारीक होत नाही. गणिताला ते चालून जातं. हीच पेनं अँड्रॉइडवर मात्र चालत नाहीत.

आपलं पेन कुठल्या जातीचं हे खोक्यावरून ठरवू नका, एक चाचणी घ्या. लिहिण्याच्या ॲपमध्ये 'बोटानं लिहिणं बंद' हा पर्याय लावा (तो कुठे असतो ते खाली देतोय). आता पेनानं लिहून बघा. अक्षर उमटलं तर पेन खरं. अक्षर न उमटता पान सरकलं, तर टॅब त्याला बोट समजतोय, आणि मग टॅबऐवजी पेनावर पैसे घालायला हवेत. तुमचा टॅब खरं पेन घेतो का, हे त्याच्या माहितीत आधी बघून.

अँड्रॉइडवर याहून पक्की चाचणी आहे. सेटिंग्जमध्ये 'अबाउट टॅबलेट'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, म्हणजे 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. पडद्यावर वरच्या पट्टीत 'पी' आणि दोन आकडे दिसतील: या क्षणी किती स्पर्श आहेत आणि एकदम जास्तीत जास्त किती झाले. प्रत्येक स्पर्शाच्या जागी उभी-आडवी रेघ दिसते. आता लिहायला टेकवता तसा हात टेकवा आणि मोजा. तळहात बहुतेकदा एकच स्पर्श म्हणून येत नाही हे दिसेल.

त्याचं कारण कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. तळहाताची करंगळीकडची कड सपाट टेकत नाही. आधी करंगळीचं पेर टेकतं, मग तिच्याखालचा उंचवटा, मग मनगटाजवळचा भाग. पडद्याला हे दोन-तीन वेगळे स्पर्श दिसतात. एकच दिसला आणि सरकला, तर ते पान सरकवणं. दोन दिसले आणि त्यांच्यातलं अंतर किंचित बदललं, तर ती चिमटी, म्हणजे झूम. तुमचं 'आपोआप' होणारं झूम हेच.

तळहात गाळायला टॅब तीन गोष्टी बघतो. स्पर्शाचा आकार केवढा आहे, पेन जवळपास आहे का, आणि आधी कोण आलं. ईएमआर पेन पडद्यापासून साधारण १ सेंटिमीटरवर आलं की टॅबला कळतं. २०२२ च्या एम२ आयपॅड प्रोपासून पुढच्या काही आयपॅडवर ॲपल पेन्सिल १२ मिलिमीटरपर्यंत हवेत ओळखली जाते. पेन आधी जवळ आलं आणि मग हात टेकला, तर काम सोपं: पेन आलंय, म्हणजे आता टेकणारं जे काही मोठं आहे ते तळहात. अवघड जातं ते उलट घडलं की. हात आधी टेकतो, पेन अजून दोन-तीन सेंटिमीटर वर असतं, आणि पहिल्या क्षणाला तळहाताचा ठसा बोटाएवढाच लहान असतो. टॅब त्याला बोट मानतो, ॲप ठिपका काढतं, आणि ठसा मोठा झाल्यावर टॅब म्हणतो, 'मघाचं रद्द.' चांगलं ॲप ठिपका पुसतं. जे ॲप हा 'रद्द'चा निरोप ऐकत नाही त्याच्या पानावर ठिपके राहून जातात. अँड्रॉइड १३ पासून (२०२२) अनेक स्पर्शांपैकी नेमका तळहाताचाच स्पर्श रद्द झाला हे ॲपला वेगळं कळवण्याची सोय आहे, पण ॲपनं ती वापरायला हवी. म्हणून एकाच टॅबवर एका ॲपमध्ये ठिपके येतात आणि दुसऱ्यात येत नाहीत. टॅबला दोष देण्याआधी ॲप बदलून बघा.

सेटिंग्ज. मी क्रम असा ठेवतो: आधी ॲपमध्ये बोटाचं लिहिणं बंद, मग टॅबच्या स्वतःच्या खाणाखुणा बंद, आणि टच सरसकट बंद करणं अगदी शेवटी, शक्यतो कधीच नाही.

आयपॅडवर सेटिंग्जमध्ये 'ॲपल पेन्सिल' उघडा आणि 'ओन्ली ड्रॉ विथ ॲपल पेन्सिल' चालू करा. हे ॲपलच्या नोट्सला आणि तीच यंत्रणा वापरणाऱ्या ॲपना लागू होतं. गुडनोट्स, नोटॅबिलिटी या टिपणांच्या ॲपची आपापली सेटिंग्ज असतात, ती वेगळी बघावी लागतात. गुडनोट्समध्ये हात कुठल्या बाजूनं आणि कसा टेकतो याचे पर्यायही मिळतात. मग कोपरे. खालच्या कोपऱ्यातून आत ओढलं की आयपॅड स्क्रीनशॉट घेतो किंवा क्विक नोट उघडतो, आणि उजव्या हातानं लिहिणाऱ्याची मनगटाची बाजू नेमकी तिथेच असते. ॲपल पेन्सिलच्या त्याच पानावर दोन्ही कोपऱ्यांसमोर 'ऑफ' निवडा आणि 'मल्टिटास्किंग अँड जेस्चर्स'मध्ये 'स्वाइप फिंगर फ्रॉम कॉर्नर' बंद करा. तिथेच चार-पाच बोटांच्या खुणाही बंद करता येतात. लिहिताना ॲपच बदलून जात असेल तर त्यामुळेच.

सॅमसंगवर सॅमसंग नोट्सच्या पट्टीत बोटानं लिहिणं चालू-बंद करणारं चिन्ह असतं. ते बंद केलं की एका बोटानं पान सरकतं आणि एस पेननंच लिहिता येतं. मग 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' मधल्या 'मोशन्स अँड जेस्चर्स' मध्ये जाऊन 'पाम स्वाइप टू कॅप्चर' बंद करा. तळहाताची कड पडद्यावरून आडवी फिरवली की स्क्रीनशॉट, अशी ती सोय आहे. मराठी लिहिणाऱ्याला ती का नडते ते पुढे येईलच. कडेला एज पॅनेलची (कडेतून ओढून उघडणाऱ्या पट्टीची) मूठ दिसत असेल तर 'डिस्प्ले'मधून तीही काढा.

विंडोजवर 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' मधल्या 'पेन अँड विंडोज इंक' मध्ये 'इग्नोर टच इनपुट व्हेन आय ॲम यूझिंग माय पेन' आहे, ते चालू करा, आणि तिथेच कुठल्या हातानं लिहिता तेही निवडा. विंडोज ११ मध्ये 'टच'खाली तीन-चार बोटांच्या खुणा बंद करता येतात. वननोटमध्ये 'ड्रॉ' टॅबवरचं 'ड्रॉ विथ माउस ऑर टच' हे बटण दाबलेलं नाही ना, हे बघा. ते दाबलेलं असलं की बोटसुद्धा लिहितं. लिनक्सवर झूर्नल++ वापरत असाल तर त्याच्या पसंतींमध्ये टचस्क्रीनसाठी हात ओळखण्याची सोय आहे: पेन जवळ असताना टच बंद आणि पेन दूर गेल्यावर ठरावीक वेळानं पुन्हा चालू. ती वेळ १००० मिलिसेकंदांपासून सुरू करा. फार कमी केली तर दोन अक्षरांच्या मधेच टच जागा होतो, फार वाढवली तर पान सरकवायला ताटकळावं लागतं.

विंडोजच्या त्या सेटिंगचा एक परिणाम आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचा प्रश्न तोच येईल: 'आता चिमटीच चालत नाही.' पेन हवेत १ सेंटिमीटरवर असलं तरी टॅब म्हणतो पेन वापरात आहे, आणि टच बंद ठेवतो. लिहिता लिहिता आपण पेन हातातच धरून, टोक पडद्याजवळ ठेवून डाव्या हातानं चिमटी घ्यायला जातो. ती चालणार नाही. पेन दोन-तीन सेंटिमीटर वर उचला, मग चिमटी घ्या. पेन टॅबवरच आडवं ठेवून दिलं तरी काही टॅबवर टच मेल्यासारखा वाटतो, कारणही तेच. तर 'दोन्ही एकदम' याचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'झटपट आळीपाळीनं' असा असतो. त्याची सवय दोन-तीन तासिकांत होते.

चिमटी आणि पान सरकवणं नेहमी डाव्या हातानंच करा, डावखुरे असाल तर उजव्या. लिहिणाऱ्या हाताचंच पेन बाजूला घेऊन त्याच हाताच्या दोन बोटांनी झूम करायची सवय फार जणांना असते. त्यात प्रत्येक वेळी पेन उचलायचं, बोटं पसरायची, पेन परत धरायचं, आणि परत टेकताना हात पेनाच्या आधी पडतो. म्हणजे वर सांगितलेला सगळ्यात अवघड प्रसंग दर वेळी स्वतःहून ओढवून घ्यायचा. टॅब डाव्या हातात धरून लिहित असाल तर आणखी एक गोष्ट तपासा: डावा अंगठा चौकटीवरून पडद्याच्या कडेवर चढलाय का? चौकट बारीक असेल तर चढतोच. तो पडून असतो आणि टॅब त्याला एक बोट म्हणून मोजत राहतो. मग उजव्या हाताचा एक साधा स्पर्शसुद्धा 'दुसरं बोट' ठरतो आणि झूम होतं. शिकवताना टॅब टेबलावर, मागून थोडा उचलून ठेवा.

आता मराठीचा खास त्रास, ज्याबद्दल इंग्रजी सूचनांमध्ये काही नसतं. रोमन लिपीत हात अक्षराअक्षरानं पुढे जातो. देवनागरीत शब्द पूर्ण झाल्यावर शिरोरेघ ओढायला हात मागे येतो आणि डावीकडून उजवीकडे एका दमात जातो. 'त्रिकोणमिती' लिहा आणि हाताकडे बघा. अक्षरं लिहिताना तळहात जवळजवळ जागेवर आहे, फक्त बोटं हलतायत. वेलांट्यांना पेन थोडं वर जातं. मग शिरोरेघेला पूर्ण तळहात पाच-सहा सेंटिमीटर आडवा घासत जातो. टॅबच्या दृष्टीनं एखादं बोट पान आडवं ओढतंय, त्याचं हे उत्तम चित्र. सॅमसंगवर तळहाताचा स्क्रीनशॉट चालू ठेवला असेल तर त्याचंसुद्धा. म्हणूनच 'नुसते आकडे लिहिताना ठीक, मराठी लिहायला गेलं की पान पळतं' असं होतं.

यावर उपाय तीन. शिरोरेघ ओढताना मनगटातून हात न घासता कोपरातून हलवा, तळहात किंचित उचलून, करंगळीच्या नखावर. फळ्यावर लिहिणाऱ्याला हे सोपं जातं, कारण फळ्यावर तळहात टेकवतच नाहीत. दुसरा, शिरोरेघ शब्दाला एकच न देता दोन-तीन अक्षरांच्या तुकड्यांत द्या. हात कमी सरकतो आणि रेघही सरळ येते. तिसरा, ॲपमध्ये 'दोन बोटांनीच पान सरकेल' असा पर्याय असेल तर तो निवडा. तळहाताचा एकच स्पर्श दिसत असेल तर मग पान हलत नाही. उदाहरणं सोडवताना शिरोरेघ दिलीच नाही तरी मुलांचं काही अडत नाही. माझी पसंती मथळ्यांना रेघ, आतल्या मजकुराला नाही, अशी आहे.

अनुस्वाराचं उलटं आहे. तिथे नको असलेलं काही येत नाही, हवं ते गळतं. 'अंश' लिहिलं आणि टिंब उमटलंच नाही. त्याची कारणं वेगवेगळी असू शकतात. ॲपल पेन्सिलचं टोक सैल झालं असेल तर हलके ठिपके हुकतात. टोक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं हातानं घट्ट पिळा. एस पेनचं टोक एका बाजूनं झिजलं असेल तर चिमट्यानं ओढून बदला. कागदासारखी खरखरीत फिल्म लावली असेल तर टोक लवकर झिजतं, तेव्हा सुटी टोकं जवळ ठेवा. विंडोजवर पेन क्षणभर एका जागी थांबलं की उजव्या क्लिकचं वर्तुळ फिरतं आणि टिंब हरवतं. कंट्रोल पॅनेलच्या 'पेन अँड टच' मध्ये 'प्रेस अँड होल्ड' बंद करा. आणि टिंब टोचू नका. पेन टेकवून कणभर ओढा. गणितात दशांशचिन्हालाही हेच लागू आहे, आणि तिथे टिंब गळलं तर उत्तरच बदलतं.

आता जिथे दोन्ही हात खरोखर एकदम लागतात ते: भूमितीच्या आकृत्या. वर्तुळाला त्यावरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची आहे असं धरा. प्रोक्रिएटमध्ये (आयपॅडवरचं चित्रकलेचं ॲप) पेनानं हातानंच वर्तुळ काढा आणि शेवटी पेन न उचलता तसंच दाबून धरा. वाकडी आकृती गुळगुळीत लंबवर्तुळ होते. पेन धरलेलंच असताना डाव्या हाताचं एक बोट पडद्यावर टेकवा. लंबवर्तुळाचं अचूक वर्तुळ होतं. आधी पेन उचलायचं, मग बोट. उलट केलं तर पुन्हा लंबवर्तुळ होऊन बसतं. ॲपलच्या नोट्समध्येही शेवटी पेन थांबवलं की आकार सुधारतो.

पुढे पट्टी. ॲपलच्या नोट्समध्ये आणि विंडोजवरच्या वननोटमध्ये पडद्यावरची पट्टी दोन बोटांनी फिरवता येते आणि तिच्यावर अंश दिसतात. डाव्या हाताच्या दोन बोटांनी पट्टी ० अंशावर आणा, केंद्रातून बिंदूपर्यंत त्रिज्या पेनानं ओढा. पेन पट्टीच्या कडेला जवळ आलं की रेघ कडेलाच चिकटते. मग पेन वर घ्या, पट्टी ९० अंशांवर फिरवा, एका बोटानं सरकवून कड बिंदूवर आणा, आणि स्पर्शिका ओढा. पट्टी धरून ठेवावी लागत नाही, सोडली तरी जागेवर राहते. त्रिज्या मुद्दाम आडवी घ्या, म्हणजे ० आणि ९० हे आकडे मुलांना पडद्यावर वाचता येतात. कंपासचे चाप काढून करायची रचना मात्र कागदावर वेगळी दाखवावीच लागेल. परीक्षेत चापच बघतात, आणि टॅबवरचं आयतं वर्तुळ बघून मुलं ते विसरतात.

प्रोक्रिएटमध्ये दोन बोटांची टिचकी म्हणजे शेवटची रेघ मागे घेणं आणि तीन बोटांची म्हणजे परत आणणं. सवय झाली की डावा हात याच कामाला राहतो आणि पेन रबरासाठी बदलावं लागत नाही. पण तळहात नीट गाळला जात नसेल तर हीच सोय उलटते, लिहिलेली ओळ आपोआप पुसली जाते. असं होत असेल आणि ही खूण बंद करता येत असेल, तर पेन नीट ओळखलं जाईपर्यंत ती बंद ठेवा.

एवढं करूनही त्रास उरला तर पडद्याच्या बाहेर बघा. चार्जर लावलेला असताना एक पट्टी तिरकी ठेवून तिच्या कडेनं अगदी सावकाश रेघ ओढा. मग चार्जर काढून तीच रेघ पुन्हा. पहिली नागमोडी आणि दुसरी सरळ आली, किंवा चार्जर लावल्यावर बोटाचा स्पर्श उड्या मारायला लागला, तर चार्जरमधला विद्युत गोंगाट स्पर्श ओळखणाऱ्या जाळीपर्यंत पोचतोय. हलक्या दोन-पिनी चार्जरना हे जास्त होतं. तासिकेआधी चार्ज करून घ्या आणि बॅटरीवर शिकवा.

घाम हे दुसरं कारण, विशेषतः मे महिन्यात आणि पावसाळ्यात. ओला ठसा हात उचलल्यावरही क्षणभर स्पर्शासारखा दिसतो, आणि ओल्या तळहाताचे तुकडे पडून जास्त 'बोटं' दिसतात. चित्रकारांचा दोन बोटांचा हातमोजा घाम आणि घर्षण कमी करतो. पण पातळ कापडातून स्पर्श पुरता थांबत नाही, त्यामुळे त्याच्याकडून जादूची अपेक्षा ठेवू नका. कोरडा सुती रुमाल चौपदरी घडी करून तळहाताखाली घेतला तर जाडीमुळे बहुतेक पडद्यांवर तळहात दिसतच नाही. पान खराब होऊ नये म्हणून वहीवर हाताखाली कागद घेतात, तसंच. ही युक्ती रबरी टोकाच्या काडीलाही चालते, आणि तिच्यासाठी हा एवढाच खरा उपाय आहे.

तिसरं, कव्हर. ईएमआर पेन असलेल्या टॅबच्या मागे चुंबकाची झडप दुमडली की चुंबकाच्या वर पेन सरकल्यासारखं लिहितं किंवा एखादा पट्टा मुकाच राहतो. कव्हर काढून त्याच जागी लिहून बघा. आणि पडद्यावर लावलेल्या संरक्षक काचेसाठी 'टच सेन्सिटिव्हिटी' वाढवली असेल तर ती परत कमी करा. बोटाबरोबर तळहातही तेवढाच ठळक दिसायला लागतो.

इतक्या सगळ्यानंतर टॅब घ्यायचाच असेल तर: एकच टॅब दोन-तीन शिक्षकांत फिरणार असेल, तर ईएमआर पेनाचा घ्या. पेन चार्ज करायला विसरणं हा प्रकारच राहत नाही. तळहात गाळण्यात आयपॅड आणि खरी पेन्सिल ही जोडी सगळ्यात कमी कटकटीची. शाओमी, वनप्लस यांची पेनं आपापल्या ठरावीक टॅबपुरतीच असतात, म्हणून टॅब आणि पेन जोडीनंच घ्या. जुना सरफेस घेताना जपून: २०१३ चा पहिला सरफेस प्रो वॅकॉमच्या पेनावर चालतो आणि २०१४ च्या प्रो ३ पासून एन-ट्रिगचं तंत्र आहे, जे २०१५ साली मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलं. एकाचं पेन दुसऱ्यावर अक्षरही काढत नाही.

दुकानात तीन मिनिटं मागून घ्या. बोटानं लिहिणं बंद करा. मग मुद्दाम आधी पूर्ण तळहात टेकवा आणि नंतर पेन आणा, दहा वेळा. पडद्याच्या रुंदीइतकी लांब शिरोरेघ हात घासत ओढा. 'अं' वीस वेळा लिहून टिंबं मोजा. शेवटी पेन उजव्या हातात तसंच धरून डाव्या हातानं चिमटी घ्या.

आणि घरच्या टॅबवरच अडलं असेल तर टॅबचं मॉडेल, पेनाचं नाव, ॲप, आणि हात टेकवल्यावर पॉइंटर लोकेशनमध्ये 'पी'समोर दिसणारे दोन आकडे इथे लिहा. त्यावरून चूक पेनाची, ॲपची की कव्हरची, ते सांगता येईल.